टाक्यावाचूनची शिवण

औषधांच्या डब्यात किंवा दाराजवळच्या खुंटीवर एखादा तीनपदरी मास्क आपल्या घरी अजूनही असेल. तो हाती घ्या, चष्मा लावा आणि त्याची कड उजेडाकडे धरून पाहा. तीन पदर एकत्र धरून ठेवणारा दोरा कोठेही दिसणार नाही, आणि सुईची भोकेही नाहीत. दिसेल ती बारीक ठिपक्यांची एक रांग, करंजीची कड दाबून बंद केल्यावर उमटावी तशी. बोटाने चाचपली तर ती कड मधल्या कापडापेक्षा किंचित कडक लागते. कानात अडकवायची दोरी जेथे बसवलेली असते, तेथे नखाएवढा चपटा, चकचकीत ठसा असतो.

ही शिवण डिंकाने किंवा इस्त्रीने केलेली नाही. ती कंपनांनी केलेली आहे, आणि त्या कंपनांचा आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. या पद्धतीला अल्ट्रासोनिक वेल्डिंग म्हणतात. मराठीत स्वनातीत जोडणी म्हणता येईल. पुण्याजवळच्या चाकणपासून वाळूजपर्यंत वाहनांचे प्लॅस्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत ही यंत्रे नित्याची आहेत. आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपल्याला वाटेल. घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल, तर ज्या वस्तूंवर त्याचा दिवस चालतो त्यांतील कितीतरी वस्तू अशाच सांध्यांवर उभ्या असतात, आणि सांधा कसा झाला हे ठाऊक असले की ती वस्तू कोठे दगा देईल याचा अंदाज येतो.

आणखी एक कारण आहे. ‘हे मास्क म्हणे सोनोग्राफीच्या लहरींनी चिकटवतात. नाकातोंडाला लावायचे, काही अपाय तर होणार नाही ना?’ असा प्रश्न वृद्ध रुग्ण विचारतात. प्रश्न वेडगळ नाही, म्हणून आधी त्याचेच उत्तर पाहू.

हिवाळ्यात आपल्याकडचा गारठा वाढला की आपण तळहात एकमेकांवर चोळतो आणि त्यांना ऊब येते. या यंत्रात तेच घडते, फक्त चोळण्याचा वेग आपल्या कल्पनेपलीकडचा असतो. घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. यंत्रातील विद्युत-मंडल ती २०,००० किंवा त्याहूनही अधिक आवर्तनांवर नेते आणि सिरॅमिकच्या विशिष्ट चकत्यांना पुरवते. त्या चकत्या सेकंदाला तितक्याच वेळा आकुंचन-प्रसरण पावतात. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत वीज उत्पन्न होते, हा गुण पिएर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला होता. येथे तीच क्रिया उलट दिशेने वापरली आहे. चकत्यांची थरथर एका धातूच्या दांड्यातून खाली येते. कारखान्यात त्याला हॉर्न म्हणतात, आणि तो टायटॅनियम, ॲल्युमिनियम किंवा पोलादाचा असतो. त्याच्या टोकाची हालचाल केसाच्या जाडीच्या आसपास असते, त्याहून फारशी मोठी नव्हे. खाली लोहाराच्या ऐरणीसारखा आधार असतो. जोडायचे दोन भाग या दोहोंमध्ये दाबून धरतात.

कडक प्लॅस्टिकच्या वस्तूत एका भागाच्या कडेवर मुद्दाम एक बारीक, त्रिकोणी कणा ठेवलेला असतो. सगळी कंपने त्या कण्याच्या टोकाशी एकवटतात. तेथे घर्षणाने आणि प्लॅस्टिकच्या आतल्या घुसळणीने उष्णता निर्माण होते, कणा वितळतो आणि सांध्यात पसरतो. मग कंपने थांबवतात; दाब मात्र क्षणभर तसाच ठेवतात, म्हणजे वितळलेला भाग निवून घट्ट होतो. दोन्ही भागांतील लांबलचक रेणू तोवर एकमेकांत गुंतलेले असतात. हे सगळे बहुधा एका सेकंदाच्या आत आटोपते. मास्कच्या बाबतीत कण्याची गरज नसते. तेथे ठिपके कोरलेला रूळ आणि हॉर्न यांच्यामधून तिन्ही पदर धावत जातात आणि प्रत्येक ठिपक्यापाशी वितळून एक होतात.

प्रत्येक प्लॅस्टिक असे जुळत नाही. पूर्वी कासार बांगड्यांसाठी वापरत ती लाख आठवा. तापवली की मऊ, निवली की कडक, पुन्हा तापवली की पुन्हा मऊ. मास्कचे पॉलिप्रॉपिलीन त्याच जातीचे आहे. ते साधारण १६० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. याउलट कुकरची काळी मूठ उकडलेल्या अंड्यासारखी असते. एकदा घट्ट झाली की तापवून मऊ होत नाही, जास्त तापवली तर करपते. म्हणून ती स्क्रूने बसवतात. दोन निरनिराळ्या जातींची प्लॅस्टिकेही सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. सलाईनची मऊ पिशवी आणि लघवीची पिशवी यांच्या कडाही वितळवूनच बंद केलेल्या असतात, परंतु मऊ पीव्हीसी कंपने शोषून घेते, म्हणून तेथे उच्च वारंवारतेच्या विद्युत-क्षेत्राची निराळी पद्धत वापरतात.

आता मूळ प्रश्नाकडे. सोनोग्राफीच्या लहरी सेकंदाला काही दशलक्ष कंपनांच्या असतात आणि त्या अत्यंत सौम्य असतात. त्या शरीरात जातात, परतणारा प्रतिध्वनी टिपतात, काही जोडत नाहीत. जोडणीच्या यंत्राची कंपने त्या मानाने संथ पण जोरकस असतात. आणि मुख्य गोष्ट ही की यंत्र थांबले की कंपनही संपते. वस्तूत त्याचा अंश राहत नाही. गिरणीत दळलेल्या पिठात गिरणीची घरघर उरत नाही, तसेच हे. उलट या जोडणीत डिंक नाही, डिंक पातळ करणारे द्रावण नाही, म्हणून नाकाशी नेण्याच्या वस्तूला ती अधिक बरी. दातांच्या डॉक्टरांकडे कीटण काढताना जे थरथरणारे अवजार वापरतात, ते या यंत्राचेच जवळचे नातलग आहे.

कडक प्लॅस्टिक असे जुळते हे अपघाताने कळले. त्याआधी या लहरींनी केवळ पातळ पापुद्रे जोडता येत. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत रॉबर्ट सोलॉफ हे तंत्रज्ञ प्रयोगशाळेत काम करत असताना त्यांच्या हातातील अवजार चिकटपट्टीच्या प्लॅस्टिकच्या डबीला लागले आणि तिचे दोन अर्धे भाग एकजीव झाले. अवजार सांध्यावरून फिरवावे लागले नाही. कंपने प्लॅस्टिकच्या अंगातूनच सांध्यापर्यंत पोहोचली. सोलॉफ आणि त्यांचे सहकारी सीमोर लिन्स्ली यांना या पद्धतीचे पेटंट १९६५ मध्ये मिळाले.

आपल्यापैकी बहुतेकांना या शिवणीचे मोल २०२० मध्ये कळले, नाव न कळताच. त्या वर्षी १३ मार्चला केंद्र सरकारने मास्क आणि सॅनिटायझर यांना जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातले. आठवडाभरात तीनपदरी मास्कची कमाल किंमत १० रुपये ठरवली गेली, तरी मास्क मिळेना. गावोगावी बचत गटांतील भगिनींनी शिलाई यंत्रावर सुती मास्क शिवले, आणि त्या दिवसांत त्यांचा आधार मोठा होता. तीनपदरी मास्क मात्र घरच्या यंत्रावर होण्यासारखा नव्हता. त्याचा मधला पदर म्हणजे अत्यंत बारीक तंतूंचे जाळे असते आणि त्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो. धूलिकण त्या भारामुळे ओढले जातात. सुई टोचली की त्या जाळ्याला भोके पडतात. पीपीई पोशाखांच्या बाबतीत हीच अडचण आली होती. कापड उत्तम, पण शिवणीतून द्रव झिरपे. ती शिवण झाकणारी पट्टी दुर्मिळ झाली तेव्हा संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डीआरडीओने, पाणबुड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या लेपावरून एक पर्यायी लेप तयार केला. पुढे यंत्रे वाढली, माल वाढला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राज्य शासनाने तीनपदरी मास्कची कमाल किंमत ४ रुपयांवर आणली.

घरातील सांधे

मास्क बाजूला ठेवू आणि उशाशी पाहू. मोबाइलचा चार्जर, म्हणजे भिंतीच्या खाचेत बसणारा ठोकळा, याला स्क्रू नसतो हे आपण पाहिले असेल. त्याचे दोन भाग बहुधा याच पद्धतीने जोडलेले असतात, आणि हा सांधा उघडून पुन्हा लावण्यासाठी केलेला नसतो. चार्जर दोन-चार वेळा फरशीवर पडला की सांध्याला चीर जाते. मग घरोघरी काय होते, हे मी गृहभेटीत पाहतो: चिकटपट्टी गुंडाळतात, नाहीतर रबर लावतात, आणि तो ठोकळा आजोबांच्या खाटेशेजारी लटकत राहतो. त्याच्या आत २३० व्होल्टची वीज असते. हात ओले असतात, नजर अधू असते, अंधारात चाचपून पिन काढायची सवय असते. चीर गेलेला चार्जर त्या दिवशीच फेकावा. त्याला डिंक लावू नये, मेणबत्तीवर वितळवून चिकटवू नये. वाफाऱ्याच्या यंत्राच्या अडॅप्टरचेही तसेच.

वाफाऱ्याचे यंत्र, म्हणजे नेब्युलायझर, याचा उल्लेख झालाच आहे तर एक सांगून टाकतो, विषय थोडा बाजूला जातो तरी. काही नेब्युलायझर हवेच्या झोताने औषधाचे तुषार करतात. काही अल्ट्रासोनिक असतात, म्हणजे औषध कंपनांनी उडवतात. दुसरे आवाज करत नाहीत, म्हणून घरच्यांना आवडतात. परंतु दम्यासाठी दिले जाणारे बुडेसोनाइडचे गढूळ औषध अल्ट्रासोनिक यंत्रात नीट उडत नाही. वाफ दिसते, औषध मात्र मागे राहते. आपल्याकडील यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, हे औषध लिहून घेताना डॉक्टरांना अवश्य सांगा.

मोठ्यांच्या डायपरकडे वळू. चड्डीसारखा ओढून घालायचा जो प्रकार असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी पुष्कळदा अशाच असतात. त्या बाजूने फाडून काढता येतात आणि तशाच काढाव्यात. अंथरुणावरच्या माणसाच्या पायांतून ओढून काढताना घाण पसरते आणि कातडी खरचटते. मात्र ही शिवण कापडापेक्षा कडक असते. सत्तरीनंतरची त्वचा कागदासारखी पातळ होते. एका कुशीवर तासन्‌तास झोपलेल्या रुग्णाच्या कमरेखाली ती कड दाबली गेली की तेथे वळ उठतो. डायपर बदलताना कमरेच्या दोन्ही बाजू आणि जांघा उजेडात पाहा. वळ बोटाने दाबा. दाबल्यावर क्षणभर फिकट झाला आणि अर्ध्या तासात नाहीसा झाला तर फारशी चिंता नको. दाबूनही लालच राहिला, किंवा सावळ्या त्वचेवर ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट लागली, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजावी. कूस बदलणे वाढवा, दुसरा माप किंवा चिकटपट्ट्यांचा प्रकार वापरून पाहा, आणि डॉक्टरांना दाखवा. तेथे चोळून मालिश करू नका.

मास्कविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी. कानाची दोरी तुटली की काहीजण ती स्टेपलरने मास्कच्या मधोमध टोचतात. मग जी भोके टाळण्यासाठी हा सारा खटाटोप, तीच आपण पाडतो. मास्क धुतला किंवा सॅनिटायझरने पुसला तर कापड तसेच दिसते, पण मधल्या पदरावरचा विद्युतभार जातो. तो मास्क नंतर शोभेपुरता. इस्त्रीचे तर नावच नको, कारण सुती कपड्याच्या तापमानाला तो चक्क वितळेल. कानामागे श्रवणयंत्र लावणाऱ्या वृद्धांनी कानात अडकवायचा मास्क टाळावा. मास्क काढताना यंत्रही ओढले जाते आणि हरवते. डोक्यामागे बांधायच्या पट्ट्यांचा मास्क घ्यावा.

घरात क्षयाचा रुग्ण असेल तर रुग्णाने साधा तीनपदरी मास्क लावावा, आणि काळजी घेणाऱ्याने एन-९५ किंवा भारतीय मानकाचा एफएफपी-२. पहिला किमान ९५ टक्के आणि दुसरा किमान ९४ टक्के सूक्ष्म कण अडवतो, मात्र चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दोन्ही हात मास्कवर ठेवून जोराने श्वास सोडा. कडेने डोळ्यांकडे वारा लागला तर तो मास्क नाकावर पुन्हा बसवा. झडप असलेला मास्क रुग्णाला देऊ नका, कारण त्याचा श्वास झडपेतून न गाळता बाहेर येतो. आणि खिडकी उघडी ठेवा. मास्क कितीही चांगला असला तरी बंद खोलीत त्याच्यावर विसंबू नये.

जिनिंगमध्ये सरकी-रुईच्या धुळीत काम करणाऱ्यांना, वणीकडे कोळशाच्या धुळीत वावरणाऱ्यांना हा घट्ट बसणारा मास्क खरोखर उपयोगी आहे. धूळ हा कण आहे, आणि कण अडवण्यासाठीच तो घडवलेला आहे.

फवारणी आणि मास्क

येथे मात्र मला थोडे कठोर बोलावे लागेल. २०१७ चा पावसाळा आपल्या जिल्ह्यातील कोणीही विसरलेला नाही. पऱ्हाटी त्या वर्षी उंच वाढली होती, फवारा थेट तोंडाच्या उंचीवर येत होता, आणि कीटकनाशकांच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडोंना येथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर संरक्षक साहित्य वापरण्याविषयी पुष्कळ सांगितले गेले, आणि कोरोनानंतर घरोघरी मास्क उरले. आज एखादा मुलगा फवारणीला निघतो तेव्हा आई किंवा आजी मायेने त्याच्या हाती तोच निळा मास्क देते आणि निश्चिंत होते.

ती निश्चिंती खोटी आहे. मास्कची शिवण कितीही निर्दोष असली तरी तीनपदरी मास्क चेहऱ्याच्या कडेने उघडाच असतो. एन-९५ कण अडवतो, वाफ अडवत नाही. औषधाची वाफ हवेबरोबर त्यातून सरळ आत जाते. शिवाय नावातील ‘एन’ या अक्षराचा अर्थच असा की तो तेलकट तुषारांसाठी केलेला नाही, आणि पुष्कळ कीटकनाशके तेलासारख्या द्रावणात विरघळवलेली असतात. ओला झालेला मास्क तर औषध नाकाशी धरून ठेवतो, दुपट्ट्याचेही तसेच. फवारणीसाठी रबराचा, कडेने घट्ट बसणारा, बाजूला कोळशाच्या गाळणीचे डबे असलेला मुखवटा लागतो. त्या डब्यांचेही आयुष्य मर्यादित असते आणि मुखवटा घालूनही औषधाचा वास येऊ लागला की ते बदलावे लागतात.

आणि त्याहून महत्त्वाचे: फवारणीत औषध नाकापेक्षा कातडीतून अधिक जाते. पाठीवरच्या पंपाची गळती, ओली बंडी, अनवाणी पाय, द्रावण ढवळणारा उघडा हात, या वाटा मास्कने बंद होत नाहीत. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, बूट, चष्मा, वाऱ्याकडे पाठ, तंबाखू-विडी नाही, आणि घरी आल्यावर आधी साबणाने अंघोळ, मग मूलबाळ जवळ. ते कपडे आजीने धुवायचे असतील तर तिच्याही हाती मोजे हवेत, आणि ते घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत.

फवारून आलेल्या माणसाला मळमळ, डोकेदुखी, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधुक, स्नायूंची फडफड किंवा श्वासाला जडपणा, यांतील काहीही जाणवले तर ‘ऊन लागले असेल’ म्हणून झोपवू नका. कपडे उतरवा, अंगावर भरपूर पाणी आणि साबण. दूध, तूप, मिठाचे पाणी पाजू नका, बोटे घालून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा. आणि निघताना औषधाची बाटली किंवा डबा पिशवीत घालून सोबत आणा. त्यावरील त्रिकोणाचा रंग विष किती तीव्र आहे ते सांगतो, लाल सर्वांत घातक. घटकाचे नाव आणि उतारा त्याच कागदावर छापलेला असतो. तो वाचता आला तर योग्य औषध पहिल्या काही मिनिटांत सुरू करता येते.